आधी कोणाचं दळलं?

माझ्या नातीला, ऋतुजाला, जग बुडाल्यानंतरचे पिक्चर फार आवडतात. जग संपलेलं असतं, उरलेली पाच-सहा माणसं एका लोखंडी दाराआड बसलेली असतात आणि बाहेरून कोणीतरी दार वाजवतं. मग पुढचा सगळा वेळ तेच, उघडायचं की नाही. ती मला मुद्दाम शेजारी बसवते, कारण मी घाबरले की तिला हसायला मिळतं. पण दार वाजलं की मला पिक्चर दिसेनासा होतो. मला दिसते राजाक्का, भुवयांवर पीठ घेऊन उभी असलेली.

राजाक्का आता नाही. कशानं गेली ते एवढ्यात सांगणार नाही. इतके पिक्चर बघून मी तेवढं तरी शिकलेच.

सोनपेठात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक खोली होती. एक दार गल्लीत, एक शटर मोठ्या रस्त्यावर. आत तिची पिठाची गिरणी. नवरा तरुणपणीच गेला, तेव्हा गल्लीनं ठरवून टाकलं होतं की ही आता गिरणी विकून माहेरी जाणार. राजाक्कानं नवऱ्याचा सदरा लुगड्यावर चढवला आणि गिरणीवर पट्टा चढवला. तो सदरा विरला की तसलाच दुसरा शिवून घ्यायची. गळ्यात लिंगाची चांदीची डबी. सकाळी लिंगपूजा होईपर्यंत ती कोणाशी बोलायची नाही, आणि झाल्यावर दुसऱ्या कोणाला बोलू द्यायची नाही. जन्म गिरणीच्या घरघरीत गेलेला, त्यामुळे आवाज कायम चढा. मयताच्या घरी गेली तरी ओरडून समजूत घालायची. त्यात पिठाचा जुना खोकला. ती गल्लीत कुठं आहे ते आम्हाला घरात बसून खोकल्यावरून कळायचं.

गिरणीची एक गोष्ट दळण आणणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक असते. आधीच्या माणसाचं थोडं पीठ दगडात आणि खालच्या कापडी नळीत अडकून राहतं, आणि ते पुढच्याच्या डब्यात पडतं. म्हणून डबा ठेवता ठेवता बायका विचारतात, "आधी कोणाचं दळलं?" दुसरे गिरणीवाले समोरच्याला हवं ते उत्तर देतात. राजाक्का खरं सांगायची. माणिकराव म्हणजे आमच्या गल्लीतले किराणा दुकानदार. त्यांच्या घरी लग्न होतं, गव्हाचे डबे घेऊन ते स्वतः आले.

"आक्का, आधी कोणाचं दळलं?"

"कोंबड्याची मका."

"अरे देवा! लग्नाच्या पोळ्या हायेत, आक्का!"

"मंग काय झालं? चूळ भरू द्या की तिला."

चूळ भरणं हा तिचा शब्द. स्वतःच्या डब्यातले ओंजळभर दाणे गिरणीत टाकायची, ते दळून काढायची आणि ते पीठ गाईला घालायची. "झालं. गिरणीचं तोंड साफ झालं. आता टाका तुमचं."

काही बायकांना 'कोणाचं' म्हणताना धान्य विचारायचंच नसे, जात विचारायची असे. त्यांना ती म्हणायची, "ज्वारीचं." "ज्वारी खरी, पण कोणाची?" "ज्वारीची ज्वारी." आणि पट्टा सुरू करायची. त्या आवाजात पुढचं काही विचारायची सोयच नसायची.

पिक्चरचं तिला वेड, तेही भीतीच्या. मी नवी नवरी असताना पोखर्णीच्या जत्रेत तंबूतल्या सिनेमाला आम्ही दोघी गेलो होतो. पडद्यावर नटी अंधाऱ्या जिन्यानं चाललेली, मागं कोणीतरी. राजाक्का उठून उभी राहिली. "मागं बघ गं भवाने! कंदील मागं धर!" अख्खा तंबू आमच्याकडं बघायला लागला. मी सातवी पास, शाळामास्तरांची बायको, स्वतःला लय सुशिक्षित समजणारी. ही बाई आपल्या ओळखीची नाही असं दाखवायला सरकत सरकत लांब गेले आणि एका अनोळखी म्हातारीच्या मांडीवरच बसले. परत येताना राजाक्का म्हणाली, "मास्तरीण, तुला भूत परवडतंय, पण लोक न्हाई."

मग ते साथीचं साल आलं. सगळा देश घरात बसला. आमच्या गल्लीनं तोंडाशी एक मोडकी बैलगाडी आडवी घातली, तीवर बाभळीच्या काट्या रचल्या. पुढारपण माणिकरावांकडं. माणूस वाईट नव्हता, घाबरलेला होता. बाहेरचं कोणी आत नाही, आतलं कोणी बाहेर नाही. गिरणीचं रस्त्याकडचं शटर बंद, फक्त गल्लीतलं दार उघडं.

मी तेव्हा तरुण होते, म्हणजे साठीची, आणि तरुण माणसाला असते तशी मला जिवाची फार काळजी. मी कोथिंबीर साबणानं धुतली होती. त्या दिवशीचं वरण खाऊन आमचे हे, म्हणजे रिटायर मास्तर, म्हणाले, "चव छान आहे. डोळ्यांत गेलं तर मात्र झोंबेल."

ऋतुजा पुण्याच्या कॉलेजातून गल्ली बंद व्हायच्या आधीच येऊन अडकली होती. दुपारी लाईट असली की ती आमच्या ओसरीवर टीव्हीला लॅपटॉप जोडायची. राजाक्का आणि माणिकराव यायचे. सगळे लांब लांब बसायचे, तोंडाला पदर नाहीतर रुमाल. त्या दिवशीचा पिक्चर हिंदीत बोलणारा, पण माणसं कुठल्यातरी थंड मुलखातली. विषारी धुळीनं जग मेलेलं. काही माणसं जमिनीखालच्या धान्याच्या कोठारात लपलेली. लोखंडी दार. बाहेरून एक बाई दार वाजवते, म्हणते मी एकटी आहे, मला काही झालेलं नाही, आत घ्या.

"उघडा की रे मुडद्यांनो!" मी सगळ्यांत आधी ओरडले. पिक्चरात मी फार दयाळू असते.

"उघडतेतच," माणिकराव म्हणाले. "न्हाई उघडलं तर पिक्चर कसा पुढं जाईल?"

"न्हाई उघडायचं," राजाक्का म्हणाली.

"अगं आक्का, बाईमाणूस आहे ती!"

"असंना. आधी इचारा तिला. कुठून आली, कोण मेलं, कोण मागं हाय. उगं रडायलीय म्हणून उघडायचं का? आतबी माणसंच हायेत की."

पडद्यावरच्या म्हाताऱ्यानं दाराच्या कडीला हात घातला, आणि लाईट गेली. आम्ही घामानं निथळत तिथंच बसून भांडलो. लाईट काही आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काट्यांपलीकडं एक माणूस येऊन उभा राहिला.

डोक्यावर पोतं, पायात टायरच्या चपला. धारूरकडचा ऊसतोडकरी, नाव दगडू. हंगाम संपलेला, गावी जायच्या वाटा बंद, म्हणून त्यांची टोळी नदीच्या अंगाला, उसाच्या फडाजवळ पाचटाच्या झोपड्यांत, कोप्यांत अडकलेली. मुकादमानं ज्वारी दिली होती, पण दळायला गिरणी नाही.

"दाणे हायेत, पीठ न्हाई," तो लांबूनच म्हणाला. "लेकरं घुगऱ्या खाऊ खाऊ हगवणीला लागलीत. एवढं दळून द्या, आक्का."

बघता बघता सगळी गल्ली दारात आली. मीही, पण एक पाय उंबऱ्याच्या आत ठेवून.

माणिकराव पुढं झाले. "मागं हो! इथं बाहेरच्याचं दळत न्हाईत."

"गिरणी तुमची हाय का?" राजाक्कानं विचारलं.

"गिरणी तुमची, पण पीठ आमच्या पोटात जातंय! ह्याचं दळलं की ह्याच्या पोत्यावरचं काय काय आमच्या डब्यात यील. काय असंल कोणास ठाऊक. आक्का, ह्याचं दळलंत तर गल्लीतला एक डबा तुमच्या दारात यायचा न्हाई. सांगून ठेवतो."

कोणी त्यांना अडवलं नाही. कालची दयाळू मीसुद्धा. माणिकराव बोलले ते खोटं नव्हतं. गिरणी म्हणजे सगळ्यांच्या ताटांना जोडणारी एक नळी, हे आम्हाला तिच्याच चुळीनं शिकवलं होतं.

राजाक्का काट्यांपाशी आली. "तुमच्यात कोणी आजारी हाय का? खरं सांग."

"न्हाई, आक्का."

"ताप? खोकला?"

"कोणाला न्हाई."

"ठेव पोतं काट्यापाशी. अन् लिंबाखाली जाऊन बस."

लाईट नव्हती. पोतं उन्हात, माणूस लिंबाखाली, राजाक्का गिरणीच्या उंबऱ्यावर, आणि आम्ही आपापल्या दारांत. कोणी आत जाईना. माणिकराव दोनदा म्हणाले, "अजून येळ गेली न्हाई, आक्का." ती सदऱ्याचं बटण लावायची आणि काढायची. लाईट आली तशी ती उठली. नाकातोंडाला फडकं बांधून पोतं ओढत आत नेलं, दळलं, परत काट्यांपाशी आणून ठेवलं. दगडू पीठ घेऊन गेला.

मग तिनं गिरणीला चूळ भरायला लावली. घरची ज्वारी टाकली, ओंजळभर नव्हे, चांगली दोन-चार भाकऱ्यांची. त्या माणसाचं उरलंसुरलं सगळं त्या पिठात उतरलं. आम्हाला वाटलं आता गाईला घालेल. ती पीठ घेऊन घरात गेली. थोड्या वेळानं ताट घेऊन बाहेर आली, उंबऱ्यावर बसली आणि गल्लीसमोर भाकरी मोडून खायला लागली. ठेच्याबरोबर. कोणाला ऐकवायचं म्हणून नव्हे, आवाजच तसला म्हणून सगळ्यांना ऐकू आलं, "आता गिरणीत काय हाय ते माज्या पोटात हाय. मला काय झालं तर नका येऊ. न्हाई झालं तर या."

आणि ती खोकली.

तो खोकला आम्ही वर्षानुवर्षं ऐकला होता. त्या दिवसापासून मात्र प्रत्येक खोकल्याला घराघरांतली बोलणी थांबायला लागली. जुना होता की नवा? आमचे हे कान देऊन म्हणायचे, "कोरडा वाटतो का गं?" मी म्हणायची, "तुम्ही वर्गात पोरांचा आवाज ओळखायचात ना? ओळखा मग."

डबा कोणाचाही गेला नाही. गिरणी बंद. गल्ली भातावर आणि खिचडीवर आली. मास्तरांना भाकरीशिवाय झोप येईना. तेव्हा मी सासूबाईंचं जातं माळ्यावरून उतरवलं, म्हटलं, मी काही कोणाच्या गिरणीवर अवलंबून नाही. ओवीसुद्धा म्हणायला घेतली. दोन ओळींत मनगट गेलं. निघालेल्या पिठाची एक भाकरी झाली, तीही नातीनं फोटो काढण्यापुरती.

मग एका सकाळी दूधवाला काट्यांवरून बातमी देऊन गेला. कोप्यांत एक म्हातारी तापानं फणफणली होती. आज-कालची नव्हे, आधीपासूनच. तिला लांब एका कोपीत वेगळं ठेवलं होतं.

माणिकराव थेट गिरणीच्या दारात. "खोटं बोलला तो, आक्का! तुमी इचारलं, तोंडावर खोटं बोलला! अन् तुमी ते खाल्लं!"

माणिकराव तसेच माघारी वळले. ते गेल्यावर मी लांब उभी राहून आत डोकावले. ती पट्ट्यापाशी बसली होती. सदऱ्याच्या आत हात घालून लिंगाची डबी मुठीत धरलेली.

"भ्या वाटायलंय, मास्तरीण," ती म्हणाली. जन्मात पहिल्यांदा हळू आवाजात.

मी तोंडावरचा पदर सारखा केला. एवढंच सुचलं.

आणि त्याच दुपारी दगडू पुन्हा आला. नवं पोतं घेऊन.

या वेळी गल्ली दारात नव्हती, वर घरांच्या माळवदांवर होती. कोणीतरी दगड हातात घेतला होता. माणिकराव काट्यांपाशी होते, पण ओरडायचं सोडून तेही राजाक्काकडं बघत होते. ती बाहेर आली. आपलं खोटं उघडं पडलंय हे दगडूला कळलंय की नाही ते समजेना. तो मान खाली घालून उभा होता.

"तुमच्यात कोणी आजारी हाय का?" तिनं विचारलं. शब्द न् शब्द तोच.

त्यानं पोतं खाली ठेवलं.

"हाय," तो म्हणाला. "माजी माय. ताप हाय. मागल्या खेपेलाबी होता."

माळवदावरून कोणीतरी शिवी दिली.

"मंग खोटं का बोललास?"

त्यानं मान वर केली. "खरं बोललो असतो तर दळून दिलं असतं का, आक्का?"

तिनं चटकन काहीतरी मोठं बोलावं असं मला वाटलं. पिक्चरात बोलतात तसं. तिला खोकला आला, तो तिनं दाबला.

"न्हाई," ती म्हणाली. "न्हाई दिलं असतं."

दोघांच्या मधे काट्या.

मग ती वळली, घरात गेली आणि स्वतःचा पिठाचा डबा घेऊन आली, अख्खा. तो काट्यांपलीकडं ठेवला. "हे आज ने. पोतं इथं उन्हात पसरून जा, दोन-चार ऊन खाऊ दे, मंग दळीन. अन् मायला दवाखान्यात कोण नेणार हाय?"

"कोण नेतंय आमाला? गाडीवाले तापाचं नाव ऐकून फोन ठिवतेत."

राजाक्कानं माणिकरावांकडं पाहिलं. माणिकरावांनी रुमाल सारखा केला, खिशातून फोन काढला आणि ओळखीच्या कंपाउंडरला लावला. "हां, मी बोलायलोय. एक म्हातारी हाय. ताप हाय. न्हाई न्हाई, लपवायचं काय त्यात, सांगायलोय की ताप हाय म्हणून! पाठवा गाडी. जिम्मा माझा." बोलताना सारखे ओरडत होते, जणू समोरचा भांडत होता. संध्याकाळच्या आत गाडी आली आणि म्हातारीला परभणीला घेऊन गेली.

लाईटच्या मेहेरबानीनं अर्धा राहिलेला पिक्चर त्या आठवड्यात पुरा झाला, राजाक्का या वेळी ओसरीखाली एकटी लांब बसली. कोठारातली माणसं त्या बाईला आत घेतात. मग कळतं की ती एकटी नव्हती, तिनं भावाला बाहेर लपवलं होतं. खोटं पकडलं जातं, दोघांना धुळीत ढकलून देतात. शेवटी कोठारातलं धान्य चोरणारा त्यांच्यातलाच निघतो. ऋतुजा म्हणाली, "ट्विस्ट भारी आहे ना?"

"भारी कशाचा," राजाक्का म्हणाली. "तिला दुसऱ्यांदा कोणी इचारलंच न्हाई."

राजाक्काला काही झालं नाही. खोकला जुनाच होता. गल्लीतला पहिला डबा घेऊन माणिकराव गेले. उंबऱ्यावर ठेवला, सवयीनं विचारलं, "आधी कोणाचं दळलं?"

"त्यांचं."

माणिकरावांनी डब्याचं झाकण काढलं. "टाका," म्हणाले. चूळही मागितली नाही. माझा डबा दुसरा. पहिलं जायचं धाडस माझ्यात नव्हतं, पण तिसरं राहायची लाज होती.

पुढं दोन-एक वर्षांनी राजाक्काला लेकीनं लातूरला नेलं. तिथं ती म्हातारपणानं, झोपेत गेली. झालं, सांगितलं. साथीनं नाही. मी तिला भेटायला जाऊ शकले नाही, म्हणून माझ्या डोळ्यांत शेवटची राहिली ती त्याच उन्हाळ्यातली राजाक्का.

तोडकऱ्यांना गावी जायची परवानगी मिळाली तो दिवस. मी गिरणीत होते, माझीच ज्वारी पडत होती. मोठ्या रस्त्यावर ट्रॅक्टर थांबल्याचा आवाज आला. राजाक्का बाहेर गेली, तिच्यामागं मी दारापर्यंत. ट्रॉलीत बोचकी, लेकरं, कोयते. बोचक्यांवर एक म्हातारी, डोक्याला फडकं गुंडाळलेली, दवाखान्यातून परत आलेली. दगडू खाली मान घालून पुढं ट्रॅक्टरवर बसला होता.

"दळणवाली तूच का गं?" म्हातारीनं विचारलं.

"मीच."

"पोरगं तुला खोटं बोललं."

"बोललं. जाऊ दे ते."

"त्याला बोल लावू नको. मीच सांगितलं हुतं, माजं नाव काढू नको म्हणून. लेकरं उपाशी मरतील म्हणलं."

राजाक्का काट्यांच्या आणखी जवळ गेली. "मंग दुसऱ्या खेपेला?"

"दुसऱ्या खेपेलाबी तेच सांगून धाडलं हुतं. ऐकलं न्हाई मेल्यानं."

ट्रॅक्टर सुरू झाला. म्हातारी आणखी काहीतरी म्हणाली, ते आवाजात गेलं. दगडूनं वळून पाहिलं नाही. ट्रॉली धारूरच्या रस्त्याला लागली.

माझे दाणे संपले होते. गिरणी रिकामी फिरायला लागली, दगडावर दगड घासल्याचा करपट वास सुटला. "आक्का!" मी दारातून ओरडले. "आवो आक्का, दगड जळायलेत!"

ती काट्यांपाशी तशीच उभी होती, रस्त्याकडं तोंड करून, ट्रॉली दिसेनाशी झाल्यावरही.